ट्रॅक्टरचा क्लच : कडक स्प्रिंग बसवून ओढ वाढते काय ?

उसाच्या गाळपाचा हंगाम सुरू झाला म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा इत्यादी जिल्ह्यांतील रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस धावू लागतात. या कामात ट्रॅक्टरची खरी कसोटी लागते ती धावताना नव्हे, तर जागचा हलताना. फडातील मऊ जमिनीत रुतलेली भरली ट्रॉली रस्त्यावर काढावयाची असते किंवा चढावर थांबलेली गाडी पुन्हा सुरू करावयाची असते. अशा वेळी ट्रॅक्टर अडखळला की, “क्लचच्या स्प्रिंगा कडक टाका, म्हणजे उठाव येईल,” असा सल्ला कोणीतरी देतोच. कित्येक शेतकरी तो मानतात, ऐन हंगामात ट्रॅक्टर खोलतात, पैसे खर्च करतात आणि अडचण मात्र होती तेथेच राहते.

हा सल्ला सर्वस्वी निराधार आहे असे नाही. एका प्रकारच्या यंत्रात तो बरोबर आहे. परंतु ते यंत्र ट्रॅक्टर नव्हे. हा भेद नीट ध्यानी आला म्हणजे खर्च वाचतो, यंत्राचे आयुष्य वाढते आणि चालकाच्या जिवावरचा एक धोकाही टळतो. म्हणून या विषयाची थोडी फोड करणे अगत्याचे आहे.

स्प्रिंगची दोन परस्परविरुद्ध कामे

इंजिन आणि गिअरपेटी यांमधील संबंध हवा तेव्हा जोडणे व हवा तेव्हा तोडणे हे क्लचचे कार्य होय. हा संबंध जोडण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत.

पहिली रीत ट्रॅक्टरमधील. इंजिनच्या फ्लायव्हीलला लागून घर्षणाचे अस्तर असलेली क्लच प्लेट असते. तिच्यामागे प्रेशर प्लेट असून स्प्रिंगा तिला सतत फ्लायव्हीलकडे दाबून धरतात. या दाबामुळे क्लच प्लेट दोहोंच्या मध्ये चिमटली जाते व इंजिनबरोबर फिरते. चालकाने पायटा दाबला की स्प्रिंगांचा दाब मागे सारला जातो आणि संबंध तुटतो. म्हणजे येथे स्प्रिंग *जोडण्याचे* काम करते.

दुसरी रीत लहान पेट्रोल यंत्रांतील. गवत कापण्याचा ब्रश कटर हे तिचे घरोघरी दिसणारे उदाहरण. त्यात इंजिनच्या दांड्यावर दोन किंवा अधिक वजनदार गुटके असतात व एक स्प्रिंग त्यांना आत ओढून धरते. इंजिनचे फेरे वाढले की केंद्रोत्सारी बलाने हे गुटके बाहेर फाकतात, भोवतालच्या ड्रमला घासून त्याला धरतात आणि पाते फिरू लागते. फेरे कमी झाले की स्प्रिंग त्यांना पुन्हा आत ओढते. म्हणजे येथे स्प्रिंग जोडण्याचे नव्हे, *सोडविण्याचे* काम करते.

अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इत्यादी देशांत कुरणांवर व गोठ्यांवर वापरली जाणारी चारचाकी लहान वाहने, ज्यांना ए. टी. व्ही. किंवा क्वाड बाइक म्हणतात, त्यांपैकी पुष्कळ वाहनांतील क्लच याच तत्त्वावर चालतो. त्यांतील लहान पेट्रोल इंजिनाचा जोर जास्त फेऱ्यांना चांगला खुलतो. तेथे मूळच्यापेक्षा कडक स्प्रिंग बसविली तर गुटके उशिरा फाकतात. तोवर इंजिनने वेग घेतलेला असतो, आणि पकड बसते त्या क्षणी अधिक जोर हाताशी असल्याने वाहन चटकन उसळी घेते. मोठे टायर बसविलेल्या वाहनांत याचा उपयोग होतो. अर्थात तेथेही ही गोष्ट फुकट मिळत नाही. सुरुवात धक्क्याने होते, पकड बसेपर्यंत घर्षण अधिक होऊन उष्णता वाढते, आणि अगदी सावकाश चालविणे कठीण जाते.

कडक स्प्रिंग बसविल्याने उठाव येतो ही समजूत अशा वाहनांच्या बाबतीत खरी आहे. ट्रॅक्टरच्या क्लचची रचना नेमकी उलट असल्यामुळे ती तेथे लागू पडत नाही. शिवाय ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाला जोर येण्यासाठी फेरे फार वाढावे लागत नाहीत. त्याचा फिरविण्याचा जोर, ज्याला मिस्त्री लोक टॉर्क म्हणतात, पूर्ण फेऱ्यांच्या बराच खाली सर्वाधिक असतो.

ट्रॅक्टरमधील स्प्रिंगांचा हिशेब

ट्रॅक्टरचा क्लच किती जोर पेलू शकतो हे चार गोष्टींवर अवलंबून असते : स्प्रिंगांचा एकूण दाब, अस्तराचा घर्षणांक, घासणाऱ्या बाजूंची संख्या आणि प्लेटची सरासरी त्रिज्या. या चारींचा गुणाकार म्हणजे क्लचची क्षमता.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. क्लचमध्ये १२ स्प्रिंगा असून प्रत्येकीचा दाब ५० किलो धरला, तर एकूण दाब ६०० किलो होतो. घर्षणांक ०.३, प्लेटच्या बाजू २ आणि सरासरी त्रिज्या ११ सें. मी. धरल्यास क्षमता सुमारे ४० किलोग्रॅम-मीटर येते. आता इंजिन पाहू. ४५ अश्वशक्तीचे इंजिन मिनिटास २,००० फेऱ्यांवर सुमारे १६ किलोग्रॅम-मीटर जोर देते. फेरे थोडे उतरल्यावर हा जोर काहीसा वाढतो. तरीही क्लचची क्षमता त्याच्या दुपटीच्या घरात राहते.

याचा अर्थ उघड आहे. सुस्थितीतील क्लच इंजिनचा सर्व जोर पुढे पोचवून वर बरीच शिल्लक राखून असतो. त्यात आणखी कडक स्प्रिंगा घातल्या तर ही शिल्लक वाढेल, पण चाकाकडे जाणारा जोर रतीभरही वाढणार नाही. कारण मुळात इंजिनच तेवढा जोर देत नाही. मोटेला दोर दुप्पट जाड बांधला म्हणून बैलांचे बळ वाढत नाही, तद्वतच हे आहे.

उलट तोटे मात्र पदरात पडतात. पायटा जड होतो व दिवसभर दाबून चालकाचा पाय भरून येतो. रिलीज बेअरिंग व त्यापुढील बोटे यांची झीज वाढते. पायटा दाबताना इंजिनचा क्रँकशाफ्ट पुढे रेटला जातो. हा रेटा सोसणारे थ्रस्ट वॉशर लवकर झिजतात, आणि ते काम निघाले म्हणजे इंजिन खोलावे लागते. यापेक्षाही महत्त्वाची बाब अशी की, धक्का बसला असता थोडेसे घसरून गिअर व आस यांना वाचविणे हेही क्लचचे एक काम आहे. स्प्रिंगा अवाजवी कडक केल्या की तो धक्का पुढच्या भागांवर अधिक जोराने आदळतो.

ओढ येते कोठून ?

इंजिनची शक्ती ठरलेली असते. ती वेगात खर्च करावयाची की ओढीत, हे गिअर ठरवितो. वरील ट्रॅक्टरची समजा ३५ अश्वशक्ती प्रत्यक्ष ओढीसाठी मिळते. तर ताशी २५ किलोमीटरच्या गिअरमध्ये तो सुमारे ३८० किलोची ओढ देईल; ताशी १० किलोमीटरच्या गिअरमध्ये सुमारे ९४५ किलोची; आणि ताशी ५ किलोमीटरच्या गिअरमध्ये सुमारे १,८९० किलोची, अर्थात चाकांनी जमीन धरली तर.

आता ट्रॉलीकडे पाहू. मालासह एकूण १० टन वजनाची ट्रॉली सपाट डांबरी रस्त्यावर चालती ठेवण्यास वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे २०० किलो ओढ लागते असे धरू. वीस फुटांस एक फूट असा चढ आला की त्यात ५०० किलोंची भर पडून ७०० किलो होतात. तीच ट्रॉली मऊ रानातून, त्याच चढाने काढावयाची असेल आणि जमिनीचा विरोध वजनाच्या १० टक्के धरला, तर १,५०० किलो ओढ हवी. २५ किलोमीटरच्या गिअरमध्ये हे सर्वथा अशक्य. १० किलोमीटरच्या गिअरमध्ये चढाचा रस्ता सर होईल, पण रान नव्हे. ५ किलोमीटरच्या गिअरमध्ये रानही सर होईल. जे काम गिअरचा दांडा एक घर खाली घेतल्याने होते, त्यासाठी ट्रॅक्टर खोलण्याचे प्रयोजन नाही.

दोष ओळखण्याची तीन लक्षणे

भार उचलताना ट्रॅक्टर अडला, तर तेथल्या तेथे तीन गोष्टी पाहाव्यात.

१. *इंजिनचे फेरे वाढतात, पण चाके फिरत नाहीत व जळका वास येतो.* क्लच घसरत आहे. तपासणी आवश्यक.

२. *इंजिनचे फेरे पडतात, काळा धूर येतो, इंजिन बंद पडू पाहते.* क्लच पूर्ण पकड घेत आहे. त्यात दोष नाही. गिअर वरचा आहे, भार जास्त आहे, किंवा हवेची गाळणी, डिझेलची गाळणी वा इंजेक्टर यांत बिघाड आहे.

३. *चाके जागीच फिरतात व माती उकरतात.* इंजिन, गिअर आणि क्लच तिन्ही आपले काम करीत आहेत. कमी पडते ती जमिनीवरील पकड. टायरांची झीज व हवेचा दाब पाहावा, मागील चाकांस वजने लावावीत किंवा टायरांत पाणी भरावे, माल कमी करावा किंवा एक-एक ट्रॉली वेगळी काढावी.

यांपैकी केवळ पहिल्या प्रसंगी क्लचला हात लावण्याचे कारण आहे. आणि तेव्हाही प्रथम स्प्रिंगांना नव्हे.

क्लच घसरत असल्यास काय पाहावे ?

*पायट्याची मोकळी चाल.* पायटा हाताने दाबून पाहावा. प्रारंभी तो काही अंतर सहज खाली जातो व नंतर जड लागतो. या सहज अंतरास मोकळी चाल म्हणतात. बहुतेक ट्रॅक्टरांत ती सुमारे २० ते ३० मि. मी. असते, नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावा. प्लेटचे अस्तर झिजत जाते तसतशी बोटे रिलीज बेअरिंगच्या जवळ सरकतात व मोकळी चाल कमी होत जाते. ती संपली की बेअरिंग बोटांवर कायम टेकून राहते, पायटा सदैव किंचित दाबल्यासारखा होतो आणि क्लच घसरू लागतो. सळईची लांबी पान्याने जुळवून ही चाल पूर्ववत करता येते. या कामास खर्च जवळजवळ नाही. तरी ते नेमाने केले जात नाही ही खेदाची गोष्ट आहे.

*चालकाचा पाय.* पायट्यावर पाय टेकवून ट्रॅक्टर चालविण्याची सवय अनेकांस असते. चढावर अर्धा क्लच धरून गाडी रोखून ठेवणे ही दुसरी वाईट खोड. दोहोंमुळे प्लेट घासत राहते. तिच्या उष्णतेने अस्तर करपते आणि स्प्रिंगांचा ताणही मरतो. चढावर थांबावयाचे तर ब्रेकने थांबावे.

*तेल.* इंजिनच्या मागील किंवा गिअरपेटीच्या पुढील सीलमधून गळालेले तेल प्लेटवर आले की कितीही कडक स्प्रिंग घातली तरी क्लच घसरणारच. काही ट्रॅक्टरांच्या क्लचच्या कवचाखाली छिद्र असते. तेथून तेल ठिबकत असल्यास प्रथम सील बदलून घ्यावे.

*प्लेट.* ट्रॅक्टर उघडलाच तर अस्तर रिव्हेटांच्या माथ्यापर्यंत झिजले आहे काय, फ्लायव्हीलवर निळे डाग वा चरे आहेत काय, आणि सर्व बोटे एका पातळीत आहेत काय, हे पाहून घ्यावे.

स्प्रिंग केव्हा बदलावी ?

सुट्या स्प्रिंगा असलेल्या क्लचमध्ये अस्तर झिजले की प्रेशर प्लेट पुढे सरकते, स्प्रिंगा सैल होतात व दाब घटतो. त्यातच उष्णतेने स्प्रिंगांचा ताण गेला असेल तर नवी प्लेट घालूनही पकड पुरी बसत नाही. म्हणून प्लेट बदलताना सर्व स्प्रिंगा काढून सपाट फळीवर ओळीने उभ्या कराव्यात. एखादी इतरांपेक्षा आखूड, वाकडी किंवा निळी पडलेली दिसली तर ती निकामी समजावी. सगळ्याच सारख्या दिसल्या, तरी त्यांची लांबी पुस्तिकेतील आकड्याशी किंवा नव्या स्प्रिंगशी ताडून घ्यावी.

बदलताना एक-दोन न बदलता पूर्ण संच बदलावा, आणि तो निर्मात्याने त्या ट्रॅक्टरसाठी नेमून दिलेल्या क्रमांकाचाच असावा. नव्या-जुन्या स्प्रिंगा मिसळल्या की दाब एका बाजूस अधिक पडतो, प्लेट तिरपी धरली जाते व सुरू होताना ट्रॅक्टर थरथरतो. सुट्या स्प्रिंगांऐवजी एकच बशीसारखी डायफ्रॅम स्प्रिंग असलेल्या क्लचमध्ये अस्तर झिजले तरी दाब सहसा घटत नाही. तेथे दोष निघाल्यास प्रेशर प्लेटचा संपूर्ण संच बदलतात. थोडक्यात, स्प्रिंग बदलण्याचा हेतू मूळचा दाब परत आणणे हा असावा. मूळच्यापेक्षा वाढविणे हा नव्हे.

भार उचलण्याची सुरक्षित रीत

रुतलेली ट्रॉली झटक्याने काढण्यासाठी इंजिन पूर्ण वेगात आणून क्लच एकदम सोडणे हा प्रकार प्राणघातक आहे. मागील चाके जखडलेली असली आणि जोर आला, तर चाके फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचे धूडच आसाभोवती फिरू लागते व पुढील चाके उचलली जातात. सावरण्यापलीकडची स्थिती येण्यास एक सेकंदही लागत नाही; चालकाचा पाय पायट्यावर पोचेपर्यंत ट्रॅक्टर मागे उलटलेला असतो. कडक स्प्रिंगांच्या क्लचने हा झटका अधिकच तीव्र होतो. जोडणी ठरलेल्या ठिकाणापेक्षा उंच असेल तर धोका दुणावतो. म्हणून साखळी किंवा ट्रॉली नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. आसाला किंवा वरच्या दुव्याला कदापि जोडू नये.

योग्य रीत अशी : ट्रॉलीची चाके रुतली असतील तर आधी त्यांच्यापुढील माती खोऱ्याने मोकळी करावी. लहान गिअर घालावा. इंजिन मध्यम फेऱ्यांवर ठेवावे. पायटा सावकाश सोडून जोडणीतील ढिलाई प्रथम काढून घ्यावी. भार जाणवू लागला की किंचित थांबून पायटा पूर्ण सोडावा व पाय त्यावरून काढून घ्यावा. पुढील चाके हलकी होत आहेत असे वाटताच क्लच दाबावा, आणि पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी माल कमी करावा किंवा पुढे वजने लावावीत. भरल्या ट्रॉलीसह उतारावर मात्र क्लच दाबून किंवा गिअर काढून ट्रॅक्टर कधीही सोडू नये; इंजिनचा अडसर गेला की केवळ ब्रेकवर तो भार आवरत नाही.

लहान यंत्रांविषयी इशारा

ब्रश कटरमध्ये स्प्रिंगचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. इंजिन मंद चालत असताना पाते स्थिर राहिले पाहिजे. ते फिरत राहिले तर प्रथम मंद गतीचे फेरे जास्त आहेत काय ते पाहावे. ते योग्य असतील तर क्लचची स्प्रिंग ताणली गेली किंवा तुटली आहे असे समजून यंत्र त्वरित बंद करावे. जवळ उभ्या असलेल्या मजुराच्या पायाला त्यापासून इजा होऊ शकते. येथेही नवी स्प्रिंग त्याच यंत्राची व त्याच मापाची घालावी. सैल घातली तर पाते नको तेव्हा फिरेल. कडक घातली तर गुटके व ड्रम घासून तापतील.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

गाळप हंगामापूर्वी गावोगावी ज्या बैठका होतात, त्यांत एक उभा ट्रॅक्टर व एक पट्टी एवढ्या साहित्यावर या विषयाचे प्रात्यक्षिक सहज दाखविता येईल. प्रत्येक चालकाने आपल्या ट्रॅक्टरच्या पायट्याची मोकळी चाल स्वतः मोजावी, आपल्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडावी व फरक असल्यास तेथेच जुळवून घ्यावी. वर दिलेली तीन लक्षणे फळ्यावर लिहून चालकांकडून वदवून घ्यावीत. बैठकीस ट्रॅक्टरमालकांबरोबर प्रत्यक्ष चालविणारे चालक व गावचा मिस्त्री यांनाही अगत्याने बोलवावे. कारण मालकास उमगले आणि चालकास उमगले नाही, तर काहीच साधत नाही.

शेतकरी बंधुभगिनींनी एवढे ध्यानात ठेवावे : ट्रॅक्टरची ओढ इंजिनात निर्माण होते, गिअरमध्ये वाढते आणि टायरच्या पकडीने जमिनीस लागते. क्लच ती फक्त पोचवितो. त्याची मोकळी चाल दर आठवड्यास पाहावी, पायट्यावर विनाकारण पाय ठेवू नये आणि भार पाहून गिअर घालावा. हंगाम सुरू होण्यापूर्वी ही तपासणी केली, तर भरलेली ट्रॉली आणि वाळत चाललेला ऊस घेऊन वाटेत खोळंबण्याची वेळ येणार नाही.